तीन शिट्यांचं मशीन

नाही, थांब — स्क्रूड्रायव्हर आधी खाली ठेव. आणि त्या स्टुलावर बसू नकोस, ते तीनच पायांवर उभं आहे, चौथा नुसता दाखवायला. इथे बस, पलंगावर. पंखा वाढवू? वाढवते. हां, तर तू मशीन उघडायच्या आधी मला एक सांगायचंय, कारण उघडलंस की तुला कळणारच, मग तू मनातल्या मनात हसशील, त्यापेक्षा आत्ता तोंडावर हस. मशीन मी बिघडवते. हो, मीच. बघतेस काय अशी? चोवीस वर्षं डीटीपी करणारी बाई, घोडपदेवमधल्या निम्म्या चाळींच्या लग्नपत्रिका हिने केल्या, आणि दर सोमवारी सकाळी आंघोळ झाली की ही स्वतःच्या हाताने स्वतःचा कॉम्प्युटर बंद पाडते. वेडी म्हण, बावळट म्हण, मी पण म्हणते. आरशात बघून म्हणते.

पहिल्यांदा केलं तेव्हाचं तर सांगायलाच नको — पण सांगते. मेमरीची पट्टी सैल करायची एवढं मला माहीत होतं, मोबाइलवर व्हिडिओ बघितलेला. मी पूर्णच काढली. हातात आली, आता ठेवू कुठे? फोन भिजला की तांदळात ठेवतात — तेवढंच माझं हार्डवेअरचं ज्ञान — म्हणून ठेवली तांदळाच्या डब्यात, खाली, खोल. आणि विसरले. आप्पांनी मशीन उघडलं — आप्पा म्हणजे माझे सासरे, या मशीनचे डॉक्टर तेच — टॉर्च मारला, चष्मा पुसला, परत टॉर्च मारला, आणि म्हणाले, पट्टी नाय हंयसर. मी म्हटलं, असं कसं होईल. तेव्हा माझा चेहरा बघायला हवा होतास, एवढी निरागस मी लग्नाच्या फोटोतसुद्धा दिसत नाही. दोन दिवस मशीन बंद, एक बारशाचं कार्ड आत अडकलेलं, आणि मला काही केल्या आठवेना ती कुठे ठेवली. तिसऱ्या दिवशी भाताला तांदूळ धुतले तर पातेल्यात हिरवी पट्टी, पिवळे दात दाखवत तळाशी पहुडलीय. मनवाच्या — माझ्या मुलीच्या — हेअर ड्रायरने वाळवली. आप्पांना सांगितलं, कपाटाखाली सापडली. ते म्हणाले, बरा झाला. लावली, चालली, अजून चालते. तेव्हापासून मी काढत नाही, एका बाजूची खुंटी दाबते, टक् असा बारीक आवाज येतो, झालं. मग बटण दाबलं की स्क्रीन काळा आणि पोटातून तीन शिट्या, लांबलचक, कुकरसारख्या. आप्पा गॅलरीतून विचारतात, डाळ शिजली की मशीन गेला? मस्करी करतात. आणि त्यांनी मस्करी करावी म्हणूनच तर हे सगळं — पण ते नंतर. आधी कामाचं.

कामाचं असं, की तू आज काय सांगशील त्यावर सगळं आहे. माझा नवरा, प्रफुल्ल, शनिवारी नवीन मशीन आणतोय. सगळं एकातच — स्क्रीनच्या पाठीतच सगळं भरलेलं, खाली डबा नाही, मागे वायर नाही, उघडायला काही नाहीच. मला दाखवलं फोटोत, म्हणाला, बघ किती जागा वाचेल. रविवारी सकाळी भंगारवाला येणार, हे घेऊन जाणार. मी म्हटलं, अजून चालतंय की. तो म्हणाला, चालतंय? आठवड्यातून दोनदा उघडून बसलेले असता तुम्ही दोघं, घर आहे की गॅरेज? गेल्या रविवारी जेवताना हे सगळं, आप्पा समोर. आप्पांनी ताक ओतून घेतलं. मग मीच म्हटलं, एकदा कोणा जाणकाराला दाखवू, तो म्हणेल तसं. प्रफुल्ल म्हणाला, ठीक आहे, कॉम्प्युटरच्या दुकानातून कोणाला तरी बोलव, ते सांगतील ते फायनल. म्हणजे तू. तू फायनल. संध्याकाळी तो तुला फोन करणार. घाबरू नकोस, ओरडत नाही तो, फक्त लांबण लावतो. आमच्या घरात सगळेच लावतात, बघतेसच.

तर माझी विनंती — काकी म्हणतेस ना, मग काकीचं ऐक — मला बरं झालेलं मशीन नकोय. मेलेलंही नकोय. मला कुरकुरणारं मशीन हवंय. डॉक्टर नाही का सांगत, म्हातारपण आहे, चालायचं, काळजी घ्या — तसं काहीतरी सांग त्याला. अजून चारपाच वर्षं ओढेल म्हणून सांग.

का म्हणजे? सांगते ना. चहा ठेवू? नको? बरं, मग बोलते, बोलताना माझा चहा नेहमी उतू जातो.

आप्पा मिलमध्ये होते. साचेखात्यात फिटर. साचा म्हणजे माग, लूम — आमच्या घरात साचाच म्हणतात. मिल बंद झाली तेव्हा त्यांचं वय काही घरी बसायचं नव्हतं, मग कुठे कुठे वॉचमनक्या केल्या, एका पिठाच्या गिरणीत पट्टे बदलून दिले, पण घरी आले की माणूस ठीक असायचा. बायको होती ना बडबडायला. माझी सासू, शांताबाई — मी तिला आई म्हणायचे, आणि ती मला ठाकूरद्वारवाली. लग्न होऊन तेवीस वर्षं झाली तरी ठाकूरद्वारवाली. का, तर माहेर ठाकूरद्वारचं आणि मी पहिल्याच दिवशी माशाच्या कालवणाला सार म्हटलं. जाऊ दे. ती गेली, त्याला आता दोन वर्षं होतील. आणि आप्पा गॅलरीतल्या बाकावर बसायला लागले, भिंतीकडे तोंड करून. रस्त्याकडे नाही गं, भिंतीकडे. भिंतीवर काय आहे? मीटरच्या पेट्या आहेत. सकाळी बसायचे ते जेवायला हाक मारली की उठायचे, ताटात असेल ते खायचे, परत जाऊन बसायचे. एकदा मी मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही, बघू तरी काही बोलतात का. नाही बोलले. प्रफुल्ल बोलला, तो तर मीठ असलं तरी बोलतो. पेपर बंद, टीव्ही बंद, दाढीसुद्धा मी आठवण केली की. डॉक्टर म्हणाले, त्यांना कशात तरी गुंतवा. कशात गुंतवू? जपमाळ दिली हातात तर तिचा दोरा कुठे झिजलाय ते बघून परत दिली.

आणि मग एक दिवस हे मशीन खरंच गेलं. अगदी खरं, माझा हात नव्हता, देवाशप्पथ. दोन हजार नऊचं आहे, कधीतरी जाणारच. लग्नपत्रिका द्यायची होती संध्याकाळपर्यंत प्रेसला. फोन केले तर एकाचं दुकान बंद, दुसरा म्हणाला उद्या बघतो. मी काय केलं असेल? मी त्याला मारलं. हो, डब्याला, चपट्या हाताने, दोनदा. मग रडले. मग परत मारलं. मागून आवाज आला — सर गो बाजूक.

पाच महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून बोललेलं वाक्य. मी सरले. आप्पा खाली बसले मांडी घालून, डब्याला पाठीवर हात ठेवावा तसा तळवा ठेवला, म्हणाले, चालू कर. मी केलं. म्हणाले, बंद कर. परत चालू. असं चार वेळा, आणि डोळे मिटलेले. मग म्हणाले, पंखो फिरता पण लंगडता, आणि आतमध्ये काय तरी सैल असा. आईच्या शिवणाच्या मशीनचा पेचकस होता कपाटात, तो घेतला, झाकण काढलं. आत काय म्हणतेस — सोळा वर्षांचा गिरणगाव होता आत. धूळ, केस, एक टिकली, दोन झुरळं वारलेली. दाढीच्या ब्रशने सगळं झाडलं. पंख्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. ती पट्टी काढली, उलटसुलट बघितली, आणि मला म्हणाले, खोडरबर दी. मनवाचा शाळेतला खोडरबर दिला, त्याने ते पिवळे दात असे चोळले, हळू, एकेक, आणि परत बसवली. लागलं. कोणी शिकवलं होतं त्यांना? कोणी नाही. म्हणाले, तांब्याला हवा लागली की काळं पडतं, साच्याच्या स्विचचं पण असंच व्हायचं. त्या दिवशी पत्रिका गेली वेळेवर. आणि त्या दिवशी आप्पा जेवताना म्हणाले, आमटीत मीठ कमी असा.

मग? आठवडाभर मी वाट बघितली मशीन परत बिघडतंय का. नाही बिघडलं, एवढं चांगलं दुरुस्त केलेलं. आप्पा परत मीटरकडे बघायला लागले. मग मी केलं.

सोमवार का, ते पण त्यांच्याच डोक्यातून. त्यांनीच सांगितलेलं, मिलला रविवारी सुट्टी, एक दिवस साचे गार पडले की सोमवारी सकाळी ते कुरकुरणारच, फिटरला सोमवारी मरायला फुरसत नसायची. म्हटलं, झालं, सोमवारचं कोणाला संशय येणार नाही. रविवारी मी मशीन लावत नाही, सोमवारी आप्पा खाली दूध आणायला गेले की टक्. ते येतात, मी बटण दाबते, तीन शिट्या. मी म्हणते, आप्पा, गेलं हो परत. आणि ते असे — तुला काय सांगू — दुधाची पिशवी ओट्यावर ठेवतात आणि बाह्या सरसावतात. बनियनवर असले तरी सरसावतात. मला दर वेळी तोंड फिरवावं लागतं. हसू येतं म्हणून. हसूच.

आता तू म्हणशील, मग मला कशाला बोलावलंस, सगळं तुझंच नाटक आहे तर. म्हण. पण इथेच तर गोची आहे. सोमवारचा बिघाड माझा, बरोबर? आणि गुरुवारचा?

गुरुवारचा माझा नाही. मी हात लावलेला नाही गुरुवारी, कधीच. ही वही बघ — हसू नकोस, मी नोंद ठेवलीय, तारीख, वार, काय झालं, शेवटच्या रकान्यात मी असले तर ‘मी’ लिहायचं. म्हणजे खरा बिघाड आणि खोटा बिघाड वेगळे काढता येतील. प्रफुल्लच्या हातात पडली वही तर तो मशीनच्या आधी मला भंगारात देईल. हे बघ. सोमवार, मी. सोमवार, मी. गुरुवार — स्क्रीनची वायर मागून सैल. मी नाही. सोमवार, मी. गुरुवार — कीबोर्डची गोल पिन बाहेर. मी नाही. गुरुवार — घड्याळाचा सेल गेला, मशीन म्हणतंय एक जानेवारी दोन हजार नऊ. आता हा तर नवाच टाकला होता आप्पांनी महिन्यापूर्वी, तुमच्याच दुकानातून आणतात की कुठून ते मला माहीत नाही, पण पुड्यातला होता, तरी गेला. दोन हजार नऊ म्हटल्यावर आप्पा स्क्रीनकडे बघत बसले थोडा वेळ. तेव्हा शांता होती, एवढंच म्हणाले. मग मीच तारीख बदलली. भराभर बदलली.

तर हा गुरुवारचा कोण आहे, ते तू मला शोधून दे. मी माझ्या परीने सगळं करून पाहिलं. पहिल्यांदा म्हटलं उंदीर — पिंजरा लावला, त्यात माझाच अंगठा सापडला. मग म्हटलं व्होल्टेज, समोरच्या टॉवरचं काम चाललंय, क्रेन लागली की आमचे दिवे पिवळे होतात. पण क्रेन काय फक्त गुरुवारी लागते? मग हादरे. मागे त्यांचे ट्रक वळतात ना, त्याने पिना निघत असतील हळूहळू. आप्पांना विचारलं, तर म्हणाले, शक्य असा. एवढंच. एरवी एका पंख्याच्या आवाजावर अर्धा तास बोलतात आणि याच्यावर — शक्य असा. म्हटलं वय झालं, आता त्यांना पण सापडत नसेल. आणि हीच भीती आहे मला, कळलं? त्यांना सापडत नाही असं एकदा त्यांच्या मनात बसलं ना, की ते परत बाकावर. सोमवारचं त्यांना सापडतं, कारण ते मी सापडण्यासारखं करते. गुरुवारचं मी कसं सोपं करू? ते माझ्या हातात नाही.

काय? गुरुवारी काय असतं? काही नसतं. गुरुवारी काय असायचंय — उपासही नाही मी करत. हां, पूर्वी असायचं. प्रेसवाला शुक्रवारी छपाई घ्यायचा, म्हणून गुरुवारी या दारात चपलांची रांग. कोकणातल्या एकेका गावाची मुंबईत मंडळं, त्यांचे वार्षिक अहवाल, पूजेची आमंत्रणं, साखरपुडे, दशक्रिया — सगळे कागद घेऊन उभे, वहिनी, माझं आधी, वहिनी, माझा मुहूर्त जवळ आहे. आई आत बसून सगळ्यांना चहा पाजायची आणि मला शिव्या घालायची की साखर संपवली हिने. चाळीतली कुठली मुलगी कुठे दिली ते मला तिच्या मावशीच्या आधी माहीत असायचं. आता — आता सगळे फोनवरच करतात. मनवाच म्हणाली, आई, ॲपमध्ये पाच मिनिटांत होतं, हलतं पण, गणपती डोळे मिचकावतो. मी म्हटलं, छान. छानच असतं ते.

नाही नाही, कामं आहेत. आहेत ना. मेमध्येच केली एक पत्रिका. म्हणजे — हो, या नाही, मागच्या मेमध्ये. पण मशीन लागतंच मला, ही सगळी जुनी अक्षरं दुसऱ्या कुठल्या मशीनवर उघडत नाहीत, मागे त्या अक्षरांच्या सॉफ्टवेअरचं ते चिमुकलं कुलूप, डोंगल, लावलंय बघ, ते याच्याच मागे बसतं, नवीनला ते भोकच नाही. आधीच्या मशीनवरचं धरून चोवीस वर्षांचं काम आहे आत. कोणी कधीही मागायला येऊ शकतं. लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला मुलं आईबापांच्या लग्नपत्रिका शोधतात, तुला माहीत नाही. एक जण आलेला. तीन वर्षांपूर्वी.

तर गुरुवारी मी बसते. सवय आहे म्हणून बसते, साडेदहाला, केस वगैरे नीट करून. प्रफुल्ल ऑफिसला, मनवा माटुंग्याला कॉलेजात. एखादी जुनी पत्रिका उघडते, मुहूर्त वाचते, नाव वाचते, म्हणते हिला आता दोन मुलं असतील. असं करत करत एक वाजतो कधी कधी — म्हणजे वाजायचा. हल्ली वाजत नाही, कारण मी पाणी प्यायला म्हणून उठते, येऊन बघते तर मशीन गेलेलं. आणि आप्पा बरोबर दारात. काय झाला? मी म्हणते, बघा ना. मग आम्ही दोघं बसतो. टॉर्च धरायचं काम माझं, आणि ते मला जमत नाही, मी बोलता बोलता हात हलवते, मग ते म्हणतात, प्रकाश मशीनार मार, माझ्या तोंडार नको, माझा तोंड बिघडलेला नाय. आणि मला कामाला लावतात. ही वायर कुठून आली, शोध. तो डबा कशाचा, सांग. मला विचारू नको, त्याला विचार, मशीन खोटा बोलना नाय. तुला सांगते, मला आता पॉवर सप्लाय काढून लावता येतो. शेहेचाळिसाव्या वर्षी. मागच्या गुरुवारी तर सगळे सुटे भाग पेपरवर मांडून त्यांनी मला एकटीला जोडायला लावलं आणि स्वतः बाजूला बसून शेंगा खाल्ल्या. जोडलं मी, लागलं मशीन. म्हणाले, मिल असती तर हेल्पर म्हणून लावली असती तुका. आईने तेवीस वर्षांत एवढं चांगलं म्हटलं नव्हतं मला. नंतर जेवले आम्ही, दोन वाजले होते, आणि मला आठवलंच नाही की मी सकाळी कुठली पत्रिका उघडली होती. गंमत आहे की नाही? ज्या दिवशी मी रिकामी बसते नेमकं त्याच दिवशी हे बिघडतं. त्या एका पत्रिकेचं सोडलं तर कामाच्या दिवसांत कधी दगा नाही दिला बिचाऱ्याने.

अगं, मी कुठून कुठे गेले. माझं हे असंच होतं, प्रफुल्ल म्हणतो तुला बंद करायला बटणच नाही. मुद्दा काय, की आप्पांना हे मशीन लागतं. मला नाही. मला काय, मी दुसरं काहीतरी बघेन. तीन जागी विचारलंय मी — नाही आलं काही, पण विचारलंय. मला एवढंच वाटतं, त्यांच्या हातात उघडायला काहीतरी असावं. नवीनला उघडायलाच काही नाही म्हटल्यावर सोमवारी ते दूध आणून ठेवणार आणि मग काय करणार? मी काय करणार? म्हणजे त्यांच्यासाठी. त्यांच्यासाठी काय करणार.

आत्ता बँकेत गेलेत. हयातीचा दाखला द्यायला — पेन्शन किती, तर रिक्षाला पुरत नाही, पण दर नोव्हेंबरात जाऊन दाखवायचं की बाबा, मी जिवंत आहे. अंगठा उठत नाही त्यांचा, झिजलाय मिलमध्ये, चारचार वेळा दाबायला लावतात. मी म्हटलं मी येते, तर म्हणाले, नको, तू घरीच रव, दुकानातसून कोण तरी येतला. म्हणजे विश्वास बघ माणसाचा. त्यांना वाटतं मी खरंच मशीन दाखवायला बोलावलंय. मला एवढं अपराधी वाटलं ना, चपला पुसून दिल्या मी त्यांच्या.

बरं, उघड आता. सावकाश. ती पट्टी आज घट्ट आहे, बुधवार आहे. हां, तो पंखा, तेलाचा वास येतो ना, तो त्यांचा. ते कपॅसिटर दोन फुगलेत, माहीत आहे, आप्पा त्यांना गरवार म्हणतात, म्हणजे पोटुशा. बाकी बघ नीट — कुठे काय तुटलंय, कुठे काय जळलंय. गुरुवारचा कोण आहे तेवढा पकड, आणि पकडलास तरी पूर्ण मारू नकोस, आणि आप्पांना सापडेल असं काहीतरी ठेव, आणि प्रफुल्लला —

काय झालं? एवढ्यात बघून झालं? परत बंद का करतेस? एवढं वाईट आहे का? खरं सांग. मी पलंगावर बसते आणि मग सांग. बोल. मघापासून एक शब्द बोलली नाहीस, मी बोलू दिलं नाही म्हणा, पण आता बोल. आप्पांना मी काय सांगू?

“आप्पांना काही सांगू नका, काकी. ते काल दुकानात येऊन गेले. म्हणाले, सोमवारचे बिघाड सूनबाईचे, गुरुवारचे माझे, मशीनला काही झालेलं नाही. माझ्या मुलाला सांग, अजून पाच वर्षं चालेल. आणि तुम्हाला एक निरोप दिलाय — पट्टी सैल करायच्या आधी मागचं बटण बंद करत जा. चालत्या मशीनमध्ये हात घालायचा नसतो.”